व्हीलचेअर आलेल्या घरात कुत्रं आणताना

कुणी नारळाच्या झाडावरून पडतं, कुणी बांधकामाच्या परांचीवरून, कुणाला रस्त्यावर ट्रक उडवतो. मणक्याला मार बसतो, कंबरेखालची हालचाल आणि संवेदना जाते आणि दोन-तीन महिन्यांनी माणूस हॉस्पिटलमधून घरी येतो. तेव्हापासून घरात दिवसभर तीनच प्रश्न ऐकू येतात: लघवी झाली का, कूस बदलली का, गोळी घेतली का. भेटायला आलेले लोक सोफ्याच्या कडेवर बसतात, चहा पितात, उसासा टाकतात आणि जातात. मग कधीतरी एखादी आत्या किंवा मावशी म्हणते, ‘एखादं कुत्रं पाळा की, मन रमेल त्याचं.’

सूचना वाईट नाही. पण ‘मन रमेल’ एवढ्या भरवशावर आणलेलं कुत्रं सहा महिन्यांत परत जातं किंवा गॅलरीत बांधून पडतं. जनावराचा फायदा नेमका एका ठिकाणी होतो. दिवसभर ज्याची सेवा चालू असते, त्याला स्वतः कुणाची तरी सेवा करायला मिळते. सात वाजता कुणीतरी त्याच्या खुर्चीसमोर बसून त्याच्याच हातची वाट बघतं. हे जमलं तर सगळं घर थोडं सैल होतं. नाही जमलं, तर जी बायको किंवा आई आधीच रात्री दोनदा उठते, तिच्या गळ्यात आणखी एक जेवण, आणखी एक शी-शू आणि आणखी एक दवाखाना पडतो. त्यामुळे कुठलं कुत्रं आणायचं याच्या आधी कुठलं काम कोण करणार हे ठरवा.

केव्हा आणायचं, केव्हा नाही

घरी आल्यावर पहिले तीन-चार महिने थांबा. लघवी आणि शौचाचं वेळापत्रक बसलेलं हवं. नळीनं दर चार ते सहा तासांनी लघवी काढायला माणूस स्वतः शिकलेला असेल तर उत्तम. बेडसोर (एकाच जागी दाब पडून होणारी जखम) उघडा असेल, वारंवार ताप येत असेल किंवा पुढच्या दोन महिन्यांत ऑपरेशन ठरलेलं असेल, तर आत्ता नको.

आणि ज्याच्यासाठी आणायचं त्याला विचारा. हे लिहावं लागतं, कारण बहुतेक घरांत विचारलं जात नाही. ‘सरप्राइज’ म्हणून टोपलीत घालून आणलेलं पिल्लू त्याच्या मांडीवर ठेवतात आणि फोटो काढतात. आधीच अपघातानंतर त्याचा एकही निर्णय त्याचा राहिलेला नसतो, त्यात हा आणखी एक. नको म्हणाला तर विषय तिथेच सोडा. सहा महिन्यांनी परत काढता येतो.

हो म्हणाला तरी लगेच कायमचं आणू नका. दत्तक देणाऱ्या बहुतेक संस्था काही आठवडे सांभाळायला कुत्रं देतात, त्याला ‘फॉस्टर’ म्हणतात. तीन आठवडे ठेवून बघा. पहिला आठवडा सगळेच हौशी असतात. तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेदहाला खाली कोण घेऊन जातंय, हे बघितलं की खरा हिशेब कळतो.

कुठलं जनावर

पिल्लू नको. दोन महिन्यांचं पिल्लू दर दोन-तीन तासांनी घरात मुततं, सुईसारख्या दातांनी पाय चावतं आणि लोंबणारी प्रत्येक गोष्ट ओढतं. या घरात लोंबणारी गोष्ट म्हणजे लघवीची नळी. दोन ते पाच वर्षांचं, नसबंदी झालेलं, स्वभाव कळलेलं कुत्रं घ्या. आपलं गावठी कुत्रं, ज्याला आता सगळे इंडी म्हणतात, साधारण १५ ते २५ किलोचं असतं. हवा मानवते, केस कमी, आजार कमी. त्याची एक अडचण सांगून ठेवू: पडलेली वस्तू उचलून आणून देणं त्याच्या रक्तात लॅब्राडॉरइतकं नाही. मोबाइल उचलून देणारं कुत्रं हवं असेल तर लॅब किंवा लॅबचा संकर बघा. पण लॅब खादाड असतो, पटकन लठ्ठ होतो आणि ३० किलोचं कुत्रं आनंदानं अंगावर आलं तर खुर्ची मागे उलटू शकते.

निवडायला जाताना व्हीलचेअर घेऊन जा. कुत्रं खुर्चीकडे बघून भुंकलं, तरी दहा मिनिटांत वास घ्यायला पुढे आलं तर चालेल. शेपूट पायात घालून कोपऱ्यातून हललंच नाही, तर ते कितीही गोड असलं तरी सोडा. मग खुर्ची एक फूट पुढे-मागे करा, एक स्टीलची ताटली मुद्दाम पाडा. दचकणं स्वाभाविक आहे. दचकल्यावर किती वेळात सावरतं, ते मोजायचं.

मांजर हा फ्लॅटमधल्या घरासाठी चांगला पर्याय आहे, विशेषतः फिरवायला कुणीच नसेल तर. फक्त माणूस एअर बेडवर किंवा हवेच्या उशीवर असेल तर नखं दर दोन आठवड्यांनी कापायची. एक नख रुतलं की गादीची हवा रात्रीतून जाते, आणि ज्याला खाली काही जाणवत नाही तो सकाळपर्यंत लाकडी फळीवर झोपलेला असतो. पोपट पाळू नका. आपला हिरवा पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतो, तो पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. तारांकित कासवाचंही तेच.

गावात असाल तर कुत्र्याचा हट्ट सोडून शेळीचा विचार करा. शेतकऱ्याचा मणका मोडला की त्याची शेती दुसऱ्याच्या हातात जाते, आणि घरातलं त्याचं स्थानही. दोन उस्मानाबादी शेळ्या खुर्चीत बसून सांभाळता येतात, आणि त्यातून पैसा येतो म्हणून ते ‘मन रमवणं’ वाटत नाही, काम वाटतं. शेळीला मान वर करून खायला आवडतं. म्हणून शेवरी किंवा सुबाभळीची पेंडी बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगा, म्हणजे त्याला वाकावं लागत नाही. सुबाभूळ एकूण हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, त्यातल्या मायमोसिन या विषारी घटकामुळे केस गळतात. मोठ्या शेळीला दिवसाला तीन ते चार किलो हिरवा चारा, किलोभर वाळलेला आणि पाव किलोच्या आसपास खुराक लागतो. दाराच्या उंबऱ्यापासून गोठ्यापर्यंत तीन फूट रुंदीची कोब्याची वाट हवी, नाहीतर जूनपासून खुर्ची चिखलात रुतेल आणि शेळ्या पुन्हा बायकोकडे जातील. उतार एकास बारा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घ्या, आणि दूध उकळल्याशिवाय कुणीही पिऊ नका.

अपघाताआधीपासूनच घरात कुत्रं असेल तर

ही वेळ बऱ्याच घरांवर येते आणि इथेच घाई होते. कुत्र्याच्या बाजूनं बघा: धनी एक दिवस गेला तो तीन महिने आलाच नाही. आला तो चाकांवर, स्पिरिट आणि बीटाडीनच्या वासासकट. ते उडी मारणार, नाहीतर लांब पळणार. दोन्हींनी माणसाच्या मनाला लागतं.

घरी यायच्या आठवडाभर आधी हॉस्पिटलमधून त्याचा वापरलेला शर्ट आणून कुत्र्याच्या अंथरुणावर टाका. व्हीलचेअर आधी मिळाली असेल तर ती रिकामी हॉलमध्ये ठेवा आणि पायपट्ट्यांवर खाऊ ठेवत जा. दोन दिवसांनी ती हळूच ढकला, खाऊ चालूच. घरी यायच्या दिवशी कुत्र्याला आधी तासभर फिरवून दमवा. माणसाला खुर्चीत नीट बसवा, ब्रेक लावा, मांडीवर दुहेरी गोधडी घाला, नळी पँटच्या आतून घ्या. मग कुत्र्याला पट्ट्यात धरून बाजूनं आणा, समोरून नाही. हाताचा वास घेऊ द्या. उडी मारायला लागलं तर न ओरडता चार पावलं मागे न्यायचं, शांत झालं की परत आणायचं. पहिली भेट पाच मिनिटं पुरे. ते जवळ आलंच नाही, तर हाका मारून बोलावू नका. खाऊ खुर्चीतल्या माणसाच्या हातात द्या आणि बाकीच्यांनी आठवडाभर खायला घालणं बंद करा. पोट सगळं जुळवून आणतं.

कामाची वाटणी

एक कागद घ्या. कुत्र्याची दिवसभराची कामं लिहा: दोन वेळचं जेवण, पाणी, तीनदा बाहेर, ब्रश, शिकवणी, औषधं-लसी, साफसफाई. यातली निम्मी तरी कामं जखमी माणसाच्या नावावर हवीत. कुठली, हे त्याच्या हातात किती ताकद आहे त्यावर ठरतं.

हात पूर्ण चालत असतील तर जेवण, पाणी, ब्रश आणि शिकवणी सगळं त्याचंच. जेवणाचं भांडं जमिनीवर ठेवायला वाकणं धोक्याचं असतं, तोल पुढे जातो. त्यासाठी दीड-दोन इंची पीव्हीसी पाइपचा अडीच फुटी तुकडा आणा, कडा कानशीनं घासून घ्या. खाली भांडं, वरून पाइपमधून कोरडं खाद्य सोडायचं. भात-चिकन घालत असाल तर भांडं फूटभर उंचीच्या चौरंगावर ठेवा. त्या उंचीला बसल्या जागेवरून हात पोचतो.

मानेच्या मणक्याची दुखापत असेल आणि बोटं मिटत नसतील, तर तळहाताला वेल्क्रोचा पट्टा बांधून त्यात ब्रश किंवा चमचा अडकवता येतो. तुमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं परत करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाला) सांगा, ते मोजून बनवून देतात. मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत अशी साधनं आणि ती वापरायचं शिक्षण मिळतं. रबरी टोकांचा घासायचा हातमोजा तर थेट हातात चढवता येतो, पकड लागतच नाही. हात अजिबात उचलत नसतील तर आवाज आहे. जीभ टाळूला लावून काढलेला ‘टक्’ हा आवाज कुत्र्याला ‘बरोबर केलंस’ हे कळवायला प्लॅस्टिकच्या क्लिकरइतकाच (दाबून वाजवायच्या डबीइतकाच) चालतो. लसीच्या तारखा, जंताच्या औषधाची आठवण, डॉक्टरांना फोन हे फोनशी बोलून करता येतं. मग ते त्याचंच खातं. बाकीच्यांनी परस्पर दवाखान्यात जायचं नाही.

एक काम असं आहे की त्यात दोघांचाही फायदा होतो. खुर्चीत बसणाऱ्याला दर अर्ध्या तासाला बुडावरचा भार हलका करावा लागतो. छाती मांडीकडे नेऊन दीड-दोन मिनिटं पुढे वाकणं हा त्याचा चांगला प्रकार. एरवी हे कुणी करत नाही, कंटाळतात. पण पायाशी कुत्रं आडवं असेल तर पुढे वाकून त्याचं पोट खाजवताना दोन मिनिटं सहज जातात. करायची रीत: खुर्ची आधी अर्धा फूट मागे घ्या, म्हणजे पुढची छोटी चाकं पुढच्या दिशेला वळतात आणि खुर्ची पुढे कलंडत नाही. मग दोन्ही ब्रेक लावायचे, पाय जमिनीवर टेकवायचे आणि एक हात चाकावर ठेवून वाकायचं. धडाचा तोल राहत नसेल तर पहिले पंधरा दिवस समोर कुणीतरी उभं राहावं.

बाहेर फिरवायचं काम सुरुवातीला घरच्यांकडे जाईल. इथे एक गोष्ट बघितल्यावाचून राहवत नाही: सांभाळणाऱ्या बाईला घराबाहेर पडायला बऱ्याचदा कारणच लागतं. संध्याकाळची पाऊण तासाची फेरी तिनं स्वतः मागून घेतली तर ती तिची सुटी असते. तिच्यावर टाकली तर चौथी पाळी. कागदावर नाव तिनंच लिहू दे.

मुलांना काम देताना ते वडिलांसोबत करायचं काम द्या. ब्रश वडील करतील, पट्टा मुलगी धरेल. वडिलांच्या बदललेल्या पायांना हात लावायला मुलं घाबरतात आणि ते कुणी बोलत नाही. मधे कुत्रं असलं की हात आपोआप जवळ येतात.

नळी, कातडी, गोळ्या

हा भाग घाईनं वाचू नका.

सगळ्यात मोठा धोका गोळ्यांचा. पायांचे झटके कमी करायला दिलेली बॅक्लोफेन कुत्र्यासाठी विषारी आहे. छोट्या कुत्र्याला एक-दोन गोळ्यांनीही जिवावर बेतू शकतं. लाळ गळणं, उलटी, भेलकांडणं, विचित्र ओरडणं, मग झटके, बेशुद्धी, श्वास मंदावणं. गोळी पडली आणि कुत्र्यानं गिळली असा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता पाकीट घेऊन जनावरांच्या दवाखान्यात पळा. दूध पाजणं, मीठ-पाणी पाजणं असलं काही करू नका. वेदनाशामक डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन हेही घातकच, आणि मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळी मारू शकते. ज्याची बोटं नीट चालत नाहीत त्याच्या हातून गोळी पडणारच. म्हणून गोळ्या काठ असलेल्या ताटात काढायच्या आणि त्या पाच मिनिटांत कुत्रं दुसऱ्या खोलीत.

लघवीची पिशवी पलंगाच्या कडेला लोंबकळत ठेवली तर कुत्र्याला ती दोरीचा खेळ वाटते. नळी मांडीला पट्ट्यानं बांधा, पँटच्या आतून न्या, पिशवी पोटरीला बांधा. रात्री मोठी पिशवी झाकणाच्या बादलीत ठेवा. नळी ओढली गेली आणि लघवीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

संवेदना नसलेल्या कातडीवर नखाचा ओरखडा उठला तर माणसाला कळत नाही. घरात हाफ पँटला सुटी. कुत्र्याला मांडीवर घ्यायचं असेल तर गोधडी घालून, दहा मिनिटं, आणि सहा-सात किलोच्या वर नको. मोठ्या कुत्र्यानं डोकं टेकवलेलं चालेल. पावसात भिजलेलं कुत्रं मांडीवर अजिबात नको, ओल धरून राहिली की कातडी हुळहुळी होते. रात्री आरशात बूड, टाचा, घोटे बघायची सवय असेलच, त्यात आता मांड्या आणि नडग्याही घ्या. पायाला अचानक झटका येऊन कुत्र्याला लाथ बसू शकते, तेव्हा ते नेहमी पायांच्या बाजूला झोपावं, समोर नाही.

छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर दुखापत असलेल्यांसाठी आणखी एक. खाली काहीतरी बोचतंय, दाबतंय, नळी मुडपलीय, हे मेंदूला कळत नाही, पण शरीर रक्तदाब एकदम चढवून उत्तर देतं. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. कुत्रं नळीवर बसलं किंवा नख रुतलं एवढंही पुरतं. अशा वेळी आडवं करायचं नाही. ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टे-कपडे सैल करा, नळी आणि पिशवी तपासा, मूत्राशय रिकामं करा. काही मिनिटांत उतरलं नाही तर हॉस्पिटल.

उघड्या जखमेला, बेडसोरला, पोटातून काढलेल्या नळीच्या भोकाला कुत्र्याची जीभ लागता कामा नये. ‘कुत्र्यानं चाटलं की जखम भरते’ हे खोटं आहे, त्या लाळेत जंतू असतात. नळी घालण्याआधी हात साबणानं धुवायचे, कितीही घाई असली तरी.

घरच्या कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी. बाकी आजारांच्या एकत्रित लशीत लेप्टोस्पायरोसिस आहे ना हे विचारून घ्या, कोकणात आणि मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून तो पसरतो. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, गोचिडांचं औषध डॉक्टर सांगतील तसं. बाहेर नेताना भटक्या कुत्र्यानं माणसाच्या पायाला दात लावला तर त्याला दुखणार नाही. म्हणून घरी आल्यावर पँट वर करून बघायचं. ओरखडा दिसला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते मागून घ्या.

आणि चाकं. कुत्र्याचे केस पुढच्या छोट्या चाकांच्या आसात गुंडाळले जातात, खुर्ची एका बाजूला ओढू लागते आणि खांदे भरून येतात. आठवड्यातून एकदा कात्री आणि चिमट्यानं काढा.

पाच शब्द शिकवा

‘बाजूला’, ‘थांब’, ‘सोड’, ‘ये’ आणि ‘टेकव’. घरातल्या सगळ्यांनी हेच शब्द, हेच उच्चार. आईचं ‘हट तिकडे’ आणि मुलाचं ‘मूव्ह’ अशी खिचडी झाली की कुत्रं कुणाचंच ऐकत नाही, आणि मग म्हणतात कुत्रं मठ्ठ आहे. शब्दांची यादी दारावर चिकटवा.

शिकवायचं खुर्चीतल्या माणसानंच. उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे, एकावेळी तीन मिनिटं, दिवसातून चार वेळा. ‘बाजूला’ सगळ्यात आधी, कारण शेपूट आणि पंजा चाकाखाली येऊ शकतो. खुर्ची उभी असताना तुकडा बाजूला टाकायचा, कुत्रं वळलं की ‘टक्’ आणि दुसरा तुकडा. दहापैकी आठ वेळा बरोबर झालं की शब्द जोडायचा. त्यानंतरच खुर्ची एक फूट हलवायची. घाईनं चाकं फिरवली आणि एकदा पंजा चेंगरला, तर महिनाभराची मेहनत गेली.

‘टेकव’ म्हणजे हनुवटी मांडीवरच्या गोधडीवर टेकवून स्थिर राहणं. दिसायला कौतुकाचं, पण उपयोग मोठा: कान बघता येतात, गोचीड काढता येते, पट्टा अडकवता येतो, तेही न वाकता.

पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही, पुढच्या चाकाला तर कधीच बांधायचा नाही. बसायच्या जागेखाली मधल्या दांडीला, झटकन सुटणाऱ्या कडीनं अडकवा, लांबी एवढीच ठेवा की कुत्रं चाकापुढे जाऊ शकणार नाही. आणि कुत्र्यानं खुर्ची ओढायची नाही. व्हिडिओत छान दिसतं, पण मांजर दिसलं की संपलं.

सोसायटीत लिफ्टवरून किंवा कुत्रं पाळण्यावरून वाद घातला गेला तर माहीत असू द्या: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रं पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही. बदल्यात महापालिकेचा परवाना, लसीचा दाखला आणि शी उचलायची पिशवी तुमच्याकडे हवी.

जेवण आणि खर्च

वीस किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण हजार उष्मांक लागतात. दोन-सव्वादोनशे ग्रॅम उकडलेलं बिनहाडाचं चिकन, दोन अंडी, साडेतीनशे ग्रॅम शिजलेला भात आणि मूठभर भोपळा किंवा गाजर, यात भागतं. मीठ-मसाला नाही. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट अजिबात नाही. फोडणीच्या वरणातला कांदाही मोजा. कायमच घरचं घालणार असाल तर कॅल्शियमचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दवाखान्याचा खर्च जड जात असेल तर परळचं जनावरांचं रुग्णालय, शिरवळ आणि नागपूरची पशुवैद्यकीय महाविद्यालयं, तालुक्याचा सरकारी दवाखाना आहे. गावात जनावर आजारी पडलं तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येतं.

काय अपेक्षा ठेवायची

पहिला बदल बाहेरच्यांत दिसतो. व्हीलचेअरवरच्या माणसाबरोबर कुत्रं असलं की अनोळखी लोक जास्त हसतात, जास्त बोलतात, हे अमेरिकेतल्या १९८८ सालच्या एका अभ्यासात नोंदवलेलं आहे. आपल्या गल्लीतही ते दिसतं. ‘कसं झालं हो हे?’ याऐवजी ‘नाव काय याचं?’ हा पहिला प्रश्न येतो. घरातही एक चौथं वाक्य सुरू होतं, आणि नंतर पाचवं.

झोप, वेदना, पायांचे झटके यांवर कुत्रं हा इलाज नाही. माणूस आठवडेच्या आठवडे बोलत नसेल, जेवण सोडलं असेल, ‘मेलो असतो तर बरं झालं असतं’ असं म्हणत असेल, तर ते कुत्र्यावर सोपवू नका. मानसोपचारतज्ज्ञ बघा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

जमत नसल्याच्या खुणा कुत्र्यातही दिसतात. खुर्ची हलली की लपणं, जेवण टाकणं, एकच पंजा सतत चाटणं, गुरगुरणं. गुरगुरल्याबद्दल मारू नका, नाहीतर ते इशारा न देता चावायला शिकेल. दोन महिने नीट प्रयत्न करूनही या खुणा गेल्या नाहीत तर संस्थेला परत करा. त्यात अपराध काही नाही, आणि मुलांनाही तसंच सांगा.

शेवटचं काम कुत्रं यायच्या आधीच करून ठेवा. मणक्याच्या रुग्णाला लघवीच्या संसर्गामुळे किंवा बेडसोरमुळे वर्षातून एखाद्-दोनदा अचानक हॉस्पिटलात भरती व्हावं लागू शकतं, आणि त्या रात्री कुत्र्याकडे बघायला कुणी नसतं. दोन माणसं आधीच ठरवा, एक इमारतीतला आणि एक नातेवाईक. दोघांकडे घराची किल्ली हवी, आणि दोघांनी एकदा तरी कुत्र्याला फिरवलेलं हवं. पिशवीत तीन दिवसांचं खाद्य, पट्टा, लसीचं पुस्तक आणि माणसाचा एक न धुतलेला शर्ट. फ्रिजवर कागद: किती वाजता, किती, पाच शब्द कुठले, डॉक्टरांचा नंबर. तो कागद खुर्चीतल्या माणसानं स्वतः लिहावा किंवा सांगून लिहून घ्यावा. हॉस्पिटलातून रात्री आठला फोन करून ‘जेवलं का?’ हे विचारायचं कामही त्याचंच.